जुन्या गाण्यांची जमीनदारी

जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या हीटन पार्क या उद्यानात ‘ओॲसिस’ या रॉक बँडच्या पाच मैफली झाल्या. दर मैफलीला सुमारे ऐंशी हजार श्रोते तिकीट काढून आत गेले. २००९ मध्ये भांडून वेगळे झालेले नोएल आणि लियाम गॅलाघर हे दोघे भाऊ पुन्हा एका मंचावर उभे राहिले, याचे वृत्तपत्रांनी कोण कौतुक केले! परंतु आमच्या मते त्या मैफलींचे खरे दृश्य आत नव्हतेच. ते कुंपणाबाहेर होते. उद्यानातल्या एका टेकडीवर तिकीट नसलेली माणसे जमू लागली. लांबवर मंचाचे दिवे तेवढे दिसत. पण आवाज ऐकू येत होता आणि गाणी तर सर्वांना तोंडपाठ होती. पुढच्या मैफलींच्या वेळी महापालिकेने त्या टेकडीलाही कुंपण घातले.

हे उद्यान कोणाचे? पूर्वी ती एका उमरावाची खासगी जहागीर होती. १९०२ मध्ये मँचेस्टर शहराने ती त्याच्याकडून विकत घेतली आणि लोकांसाठी खुली केली. म्हणजे जमीन लोकांची, शहर लोकांचे, गाणारे याच शहरातल्या बर्नेज वस्तीतल्या कष्टकरी घरचे, आणि गाणी ज्यांच्या ओठांवर वाढली तेही हेच लोक. तरीही जुलैच्या त्या रात्री त्यांतले अनेकजण कुंपणाबाहेर होते. हे कसे घडले, या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत.

हा पाश्चात्त्यांचा छंद, त्याच्याशी आपल्या कार्यकर्त्यांना काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण हा छंद परका राहिलेला नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ एप्रिल २००३ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर गाऊन गेले. ‘यू टू’ डिसेंबर २०१९ मध्ये नवी मुंबईत आले. ‘गन्स अँड रोझेस’ मे २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गाऊन गेले. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘कोल्डप्ले’ या त्या मानाने तरुण बँडची नवी मुंबईतील तिकिटे काही मिनिटांत संपून तीच कित्येक पटींनी काळ्या बाजारात आली, तेव्हा मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला त्यात लक्ष घालावे लागले. गाण्याच्या पाठोपाठ गाणे विकण्याची पद्धतही आपल्या दारात येऊन उभी आहे. ती ओळखून घेणे हे आपले कामच आहे.

आक्षेप वयाला नाही

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण वयाची थट्टा करून मोकळे होतात. थट्टेला विषयही आयता मिळतो. मिक जॅगर यांचा जन्म १९४३ चा. २०२४ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ने अमेरिकेचा दौरा काढला तेव्हा त्याचा पुरस्कर्ता कोण होता? पन्नाशी ओलांडलेल्या व निवृत्त अमेरिकनांसाठी काम करणारी ‘एएआरपी’ ही संस्था! १९६२ मध्ये तरुणांच्या बंडाची पताका घेऊन निघालेली स्वारी बासष्ट वर्षांनी निवृत्तांच्या आश्रयाला आली, असे म्हणून कोणीही दोन घटका हसू शकेल.

आम्ही त्या हसण्यात सामील होणार नाही. वय झाले की माणसाने घरी बसावे, हा विचार मूळचा कारखानदाराचा आहे. ज्याच्या अंगातले बळ सरले तो निरुपयोगी, हा त्याचा हिशेब. समाजवाद्यांनी तो मुळीच मान्य करू नये. आपल्याकडे तर वृद्ध गायकाची परंपरा मोठी. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पंडित भीमसेन जोशी वार्धक्यातही गायला बसत, तेव्हा राग जुनाच असे, बंदिशही शेकडो वेळा ऐकलेली असे. पण त्या रात्रीची बढत त्या रात्रीची असे. अमेरिकेत बी. बी. किंग नव्वदीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत गिटार घेऊन ब्लूज गात राहिले आणि कोणाला त्यात वावगे वाटले नाही. वयाबरोबर गाणे बदलते, कधी खोल होते, कधी थकते. तेही ऐकण्यासारखे असते.

आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. ‘ओॲसिस’च्या २०२५ च्या दौऱ्यात कार्डिफपासून साव पावलोपर्यंत गाण्यांची यादी जवळजवळ तीच राहिली. एका गाण्याचा अपवाद सोडला तर ती सारी १९९० च्या दशकातली. नवे गाणे एकही नाही. श्रोत्याने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जे ऐकले तेच त्याला बरहुकूम मिळाले पाहिजे. त्यात फरक पडला तर मालात खोट आली, असा हा करार आहे. येथे गायक काही निर्माण करीत नाही. पूर्वी निर्माण झालेल्या गोष्टीच्या दारावर तो उभा आहे आणि आत सोडण्याचे पैसे घेतो आहे. कसणे थांबले आहे. वसुली चालू आहे. ज्यांनी कूळकायद्याची लढाई पाहिली किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे, त्यांना या व्यवहाराचे नाव सांगायला नको. त्याला खंड म्हणतात.

जमीन कसली कोणी?

जमीनदाराला विचारायचा पहिला प्रश्न असा असतो की, बाबा रे, ही जमीन वहिवाटीखाली आणली कोणी? तोच प्रश्न येथे विचारू.

रॉक संगीताचे मूळ ब्लूजमध्ये आहे. ब्लूज जन्माला आले अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या शेतांत, जेथे गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही कृष्णवर्णीय माणूस गोऱ्या मालकाची जमीन बटाईने कसत होता आणि वर्षअखेरीच्या हिशेबात पुन्हा कर्जदारच राहत होता. मडी वॉटर्स हा थोर गायक मिसिसिपीतल्या अशाच एका मळ्यावर राबत असे. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तेथे त्याने आपल्या गिटारला विजेची जोड दिली. ‘रोलिंग स्टोन्स’ हे नावदेखील त्याच्याच १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलेले आहे. ‘लेड झेपलिन’ या इंग्रज बँडने आपल्या एका विख्यात गाण्यात विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराचे शब्द वापरले. डिक्सनला त्याचे श्रेय मिळण्यासाठी कोर्टात जावे लागले आणि १९८७ मध्ये तडजोड झाली. बटाईने शेत कसणाऱ्यांच्या गाण्यावर पुढे केवढे वाडे उठले, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. साठ आणि सत्तरच्या दशकांत त्या लहानशा देशातून इतके बँड निघाले ते काही दैवी चमत्काराने नव्हे. युद्धोत्तर मजूर सरकारने जो कल्याणकारी पाया घातला त्यावर ही पिढी वाढली. सरकारी दूध, सरकारी दवाखाना, महापालिकेचे घर, आणि पुढे ज्याला रूढ शिक्षणात गती नाही अशा मुलालाही प्रवेश देणारी सरकारी खर्चाची कलाविद्यालये! जॉन लेनन लिव्हरपूलच्या कलाविद्यालयात होता, कीथ रिचर्ड्स सिडकपच्या, पीट टाउनशेंड आणि फ्रेडी मर्क्युरी ईलिंगच्या. १९६२ च्या शिक्षण कायद्याने तर विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्याचे अनुदान हक्काने मिळू लागले. गॅलाघर बंधू थॅचरबाईंच्या काळात वाढले. तेव्हा कलाविद्यालयाची वाट अरुंद झाली होती, पण महापालिकेचे घर होते, बेकारीचा भत्ता होता, आणि मँचेस्टरमध्ये सराव करायला ‘बोर्डवॉक’सारखी जागा होती. याच ठिकाणी १९९१ मध्ये ‘ओॲसिस’ प्रथम लोकांसमोर गायले.

पेरणीचा खर्च कोणी केला हे यावरून उघड आहे. तो कर भरणाऱ्या श्रमिक समाजाने केला. कलावंताची प्रतिभा आणि मेहनत आम्ही नाकारीत नाही. नांगर त्यानेच धरला होता. पण शेत, बियाणे आणि पाणी समाजाचे होते. आणि पीक उभे राहिल्यावर? १९७१ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ इंग्लंडचा प्राप्तिकर चुकविण्यासाठी फ्रान्समध्ये राहायला गेले.

खंडाची वसुली

आता वसुलीची पद्धत पाहू. जुन्या बँडांचे दौरे पूर्वीही होत. परंतु १९९४ मध्ये ‘ईगल्स’ हा चौदा वर्षे मोडलेला बँड पुन्हा एकत्र आला आणि त्याने तिकिटाचा दर शंभर डॉलरांच्या वर नेला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की ज्यांचे तारुण्य सरले आहे आणि खिसे भरले आहेत असा एक नवा ग्राहक तयार झाला आहे. १९९९ पासून संगणकांच्या जाळ्यावर गाणी फुकट मिळू लागली आणि ध्वनिमुद्रिकांचा धंदा कोसळला. पूर्वी ध्वनिमुद्रिका खपावी म्हणून दौरा काढीत; आता दौरा हाच धंदा झाला. आणि धंद्याला जोखीम नको असते. नव्या गायकाला लोक येतील की नाही कोण जाणे! जुन्याला येणारच. म्हणून सारे भांडवल जुन्याकडे वळले.

भांडवल एकदा वळले की मक्तेदारी फार दूर नसते. २०१० मध्ये अमेरिकेत मैफली भरविणारी ‘लाइव्ह नेशन’ आणि तिकिटे विकणारी ‘तिकीटमास्टर’ या दोन प्रचंड कंपन्या एक झाल्या. कार्यक्रमाचे कंत्राट त्यांचे, अनेक सभागृहे त्यांची, तिकीट त्यांचे, आणि तिकीट पुन्हा विकण्याचा बाजारही त्यांचाच. २०२४ मध्ये या कंपनीची वर्षाची उलाढाल तेवीस अब्ज डॉलरांवर गेली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या न्यायखात्याने अनेक राज्यांना बरोबर घेऊन तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. ‘पर्ल जॅम’ या बँडने तिकीट कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती १९९४ मध्ये. सरकारला खटला भरायला तीस वर्षे लागली!

ही यंत्रणा हाताशी असल्यावर काय होते ते ‘ओॲसिस’च्या तिकिटविक्रीने दाखवून दिले. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी लक्षावधी लोक संगणकापुढे तासन् तास रांगेत बसले. मैदानात उभे राहण्याच्या जागांचे दर दोन. आधी स्वस्त तिकिटे विकली. ती संपल्यावर रांगेत पुढे आलेल्या माणसाला, सुमारे दीडशे पौंडांच्या अपेक्षेने बसलेल्याला, एकाएकी तीनशे पंचावन्न पौंडांचे तिकीट दिसले. विचार करायला वेळ दोन-चार मिनिटांचा. ब्रिटनमधील स्पर्धाविषयक प्राधिकरणाने चौकशी केली, आणि दरांचे असे टप्पे असल्यास आदल्या दिवशी सांगत जा, एवढे आश्वासन सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीकडून घेतले. तोवर ब्रिटनमधला दौरा संपत आला होता. याच बँडने १९९६ मध्ये नेबवर्थ येथे दोन दिवसांत अडीच लाख लोकांपुढे गायन केले तेव्हा तिकीट साडेबावीस पौंड होते. महागाईचा हिशेब धरला तरी ती रक्कम आज साठ पौंडांच्या वर जात नाही.

बँडचा खुलासा मात्र वाचण्याजोगा होता. तिकिटांचे आणि दरांचे निर्णय आम्ही घेत नाही, ते कंत्राटदार आणि व्यवस्थापक घेतात, असे त्यांनी जाहीर केले. कोकणातले आणि मराठवाड्यातले आमचे जुने कार्यकर्ते हे वाचून नक्की हसतील. खोत नेहमी असाच सज्जन असायचा. वसुली करायचा तो दुष्ट कारभारी!

ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची गोष्ट याहून दुःखद. न्यू जर्सीच्या कामगार घरातला हा गायक. बंद पडलेल्या कारखान्यांची, ओस पडलेल्या गावांची, बेकार बापांची गाणी त्याने आयुष्यभर गायिली आणि आमच्यासारख्यांनी ती आपली मानली. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्या दौऱ्याची काही तिकिटे मागणीनुसार दर वाढविण्याच्या पद्धतीने चार-पाच हजार डॉलरांपर्यंत गेली. त्याच्या चाहत्यांनी १९८० पासून चालविलेले ‘बॅकस्ट्रीट्स’ हे नियतकालिक या प्रकाराने खिन्न होऊन २०२३ मध्ये बंद झाले. ज्यांच्याविषयी गाणी लिहिली ते लोक आता ती ऐकायला येऊ शकत नाहीत, याहून मोठा पराभव गायकाचा कोणता?

आणि तरीही तिकीट ही वसुलीची जुनी तऱ्हा झाली. नवी तऱ्हा गाण्यांचे सातबारेच विकत घेण्याची आहे. १९९७ मध्ये डेव्हिड बोवी यांनी आपल्या गाण्यांच्या भावी उत्पन्नावर साडेपाच कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढले. ते एका विमा कंपनीने घेतले. २०१८ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात ‘हिप्नोसिस’ नावाचा निधी उतरला. त्याचा उद्योग गाण्यांचे हक्क गोळा करणे हाच. त्याचा संस्थापक गाण्यांची तुलना सोन्याशी आणि तेलाशी करीत असे. २०२४ मध्ये तो निधी ‘ब्लॅकस्टोन’ या गुंतवणूक कंपनीने गिळला. त्याच वर्षी ‘पिंक फ्लॉइड’ने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क ‘सोनी’ला विकले, सौदा सुमारे चाळीस कोटी डॉलरांचा असल्याचे प्रसिद्ध झाले. पैशाच्या आणि सत्तेच्या अहंकारावर ज्यांनी आयुष्यभर गाणी रचली, त्यांचे गाणे आता ताळेबंदातली एक रकम झाले.

येथून पुढची पायरी म्हणजे गायकही नको! ‘ॲबा’ या स्वीडिश पॉप चमूने मे २०२२ मध्ये लंडनला तीन हजार प्रेक्षकांचे खास नाट्यगृह उभारून त्यात आपल्या तरुणपणीच्या संगणकनिर्मित प्रतिमा नाचवायला सुरुवात केली. ‘किस’ या अमेरिकन बँडने एक निरोपाचा दौरा २००० मध्ये काढला होता. निरोप फायद्याचा ठरला म्हणून दुसरा २०१९ मध्ये सुरू केला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला अखेरची मैफल झाली, आणि त्याच मंचावरून त्यांनी आपल्या संगणकी प्रतिमांची घोषणा केली. पुढे चारच महिन्यांत गाणी, नाव आणि रंगविलेले चेहरे हे सारे एका गुंतवणूक कंपनीला तीस कोटी डॉलरांहून अधिक रकमेला विकल्याचे वृत्त आले. यापुढे जमीनदार मेला तरी खंड थांबणार नाही.

संपाचे गाणे, संप मोडल्यावर

पैशाचा हिशेब झाला. पण आमच्या दृष्टीने याहून गंभीर असे आणखी एक नुकसान आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या मुंबईतच घडले.

‘यू टू’ या आयरिश बँडची ‘द जोशुआ ट्री’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ ची. तीत मध्य अमेरिकेतील अमेरिकन दंडेलीविरुद्धचे गाणे आहे. लॅटिन अमेरिकेतील हुकूमशहांनी नाहीशा केलेल्या तरुणांच्या आयांचे गाणे आहे. आणि ‘रेड हिल मायनिंग टाउन’ हे ब्रिटनमधील १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपावरून सुचलेले गाणे आहे. वर्षभर चाललेला तो संप थॅचरबाईंनी कसा मोडून काढला हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आता गंमत अशी की, हे गाणे ‘यू टू’ने तीस वर्षे मंचावर कधीच गायिले नव्हते. ते प्रथम गायिले गेले २०१७ मध्ये, तीच ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा सादर करण्याच्या दौऱ्यात. ब्रिटनमधील शेवटची खोल कोळसा खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली होती. संप चालू होता तेव्हा संपकऱ्यांना त्या गाण्याचा उपयोग होणे शक्य नव्हते, ते संपानंतर लिहिले गेले. पण पुढे खाणी एकामागून एक बंद पडत होत्या, गावे उजाड होत होती, त्या साऱ्या वर्षांत ते गाणे मंचावर आले नाही. आले ते गायला कोणी खाणकामगार उरला नाही तेव्हा, आठवण म्हणून.

हा दौरा १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईत नेरूळच्या स्टेडियममध्ये संपला. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगार ज्या शहरात संपावर गेले आणि ज्याच्या गिरण्यांच्या जागी आज मॉल व मनोरे उभे आहेत, त्या शहराच्या वेशीवर खाणकामगारांच्या संपाचे गाणे वाजले. किती प्रेक्षकांना त्यातला सांधा जाणवला असेल? बँडवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्या रात्री पडद्यावर गौरी लंकेश यांची प्रतिमा झळकली. त्यांच्या खुन्यांना भिणाऱ्या देशात ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच संध्याकाळी दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठात पोलीस शिरले होते आणि विद्यार्थ्यांवर लाठ्या चालल्या होत्या. त्या विद्यार्थ्यांचेही एक गाणे होते, त्याला स्टेडियम नव्हते.

जुन्या निषेधाचा असा सोहळा होतो तेव्हा नुकसान हे होते. संताप जुना असला की तो कोणालाच बोचत नाही. तो ऐकून आपण कधीकाळी योग्य बाजूला होतो असे समाधान मिळते, आणि आज कोणत्या बाजूला आहोत हा प्रश्न टळतो. सत्तेला निषेधाचे गाणे तेव्हाच मानवते, जेव्हा त्याची मुदत संपलेली असते.

‘लोकांनाच हवे आहे!’

या सगळ्यावर ठरलेले उत्तर असे येते : लोकांनाच हे हवे आहे, कोणी बळजबरी केली आहे काय? दिवसभर राबणाऱ्या माणसाला वर्षातून एक संध्याकाळ आपले विशीतले दिवस परत मिळत असतील, तर तुम्ही समाजवादी त्यावरही विरजण घालणार काय?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. लोकांना ती संध्याकाळ हवी आहे हे खरे, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही. हीटन पार्कच्या टेकडीवर जे लोक बसले होते त्यांचा आनंद आम्हाला खोटा वाटत नाही. पण लोकांना हवी आहे ती आठवण. भाडे त्यांनी मागितलेले नाही. तहान खरी असते म्हणून विहिरीवर पहारा बसविणारा न्यायी ठरत नाही. शिवाय ती आठवण मुळात श्रोत्याची स्वतःची आहे. ज्या गाण्यावर त्याने पहिले प्रेम केले, पहिली नोकरी गमावली, मित्राला खांदा दिला, त्या गाण्याचे मोल निम्मे त्याच्याच आयुष्याने भरलेले आहे. गायकाने गाणे दिले. अर्थ लक्षावधी अनामिकांनी भरला. आणि आज त्याच अर्थाची किंमत लावून तो त्यांनाच विकला जातो.

दुसरे असे की, दुसरा मार्ग उपलब्ध आहे. ‘द क्युअर’ हा बँडही जुना, सत्तरच्या दशकाच्या अखेरीचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात रॉबर्ट स्मिथ यांनी सर्वांत स्वस्त तिकीट वीस डॉलरांचे ठेवले आणि मागणीनुसार दर वाढविण्यास नकार दिला. तिकीट कंपनीने आपले अधिभार लावून ती रक्कम काही ठिकाणी दुप्पट केली, तेव्हा स्मिथ यांनी उघडपणे जाब विचारला आणि कंपनीला प्रत्येक तिकिटामागे पाच ते दहा डॉलर परत करावे लागले. रक्कम मोठी नव्हे. परंतु ‘निर्णय आमच्या हाती नाहीत’ या सबबीचे पितळ त्यामुळे उघडे पडले. ज्याच्या नावावर लाखो लोक जमतात त्याच्या हाती निर्णय असतो. त्याला तो घ्यायचा नसतो इतकेच.

नव्या गाण्याला जागा

जमीनदारीचा सर्वांत मोठा अपराध हा की ती नव्या माणसाला कसायला जमीन ठेवत नाही. ब्रिटनमध्ये लहान संगीतगृहांसाठी काम करणाऱ्या ‘म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट’ या संस्थेच्या नोंदीनुसार एकट्या २०२३ मध्ये अशा १२५ जागांमधले प्रत्यक्ष संगीत थांबले. ‘ओॲसिस’ ज्या ‘बोर्डवॉक’मध्ये प्रथम गायले ते १९९९ मध्येच बंद झाले. मँचेस्टरचा ‘हॅसिएंडा’ हा क्लब १९८२ मध्ये, म्हणजे आपल्या गिरणी संपाच्याच वर्षी सुरू झाला. १९९७ मध्ये बंद पडला, पुढे पाडला गेला आणि त्या जागी घरांची इमारत उठली. तिला नाव मात्र ‘हॅसिएंडा’चेच दिले! नाव ठेवायचे, माणसे काढून टाकायची, ही रीत परळ-लालबागच्या रहिवाशांना नवी नाही. आज बर्नेजमध्ये वाढणाऱ्या पोराने गिटार कोठे वाजवायची? त्याच्या आईने मात्र ‘ओॲसिस’च्या तिकिटासाठी कदाचित आठवड्याचा पगार मोजला असेल.

उपाय नाहीत असे नाही. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ दरापेक्षा जास्त किमतीला तिकिटाची फेरविक्री बेकायदा करण्याचा निर्णय जाहीर केला. मोठ्या मैदानांतल्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान संगीतगृहांसाठी घ्यावा, ही मागणीही तेथे जोर धरून आहे. दोन्ही गोष्टी आपल्याकडे मागण्यासारख्या आहेत. नवी मुंबईत आणि महालक्ष्मीला जे स्टेडियमभर लोक जमतात, त्यांच्या तिकिटातला काही भाग कामगार वस्त्यांतील नाट्यगृहे व सभागृहे दुरुस्त करण्यासाठी महापालिकांनी कायद्याने राखून ठेवावा, आणि तिकिटाचा काळाबाजार हा धान्याच्या काळ्याबाजारासारखाच गुन्हा मानावा, ही मागणी आपण केली पाहिजे.

अखेर एक बोच आपल्यालाही लावून घेतली पाहिजे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव रान उठविले, तेव्हा त्यांची गाणी त्या आठवड्याच्या लढ्यावर असत. काल गोळीबार झाला की आज पोवाडा तयार. आज आपल्या मेळाव्यांत काय होते? तीच गाणी, त्याच क्रमाने, जयंतीला आणि पुण्यतिथीला. गाणारे साठीचे, ऐकणारे सत्तरीचे, आणि सभा संपल्यावर सर्वांचे डोळे पाणावलेले. तिकीट नाही एवढाच फरक. खासगी पुरवठादाराच्या दुचाकीवर घरोघर जेवणाचे डबे पोहोचविणाऱ्या पोराचे, कंत्राटी सफाई कामगाराचे, कर्जमाफीच्या रांगेत मेलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचे गाणे आपल्या मंचावर का नाही? ते लिहिले जात नाही असे नव्हे. झोपडपट्ट्यांतली मुले रॅपच्या ठेक्यावर मराठीतून आपला संताप म्हणत आहेत. त्यांना बोलावण्याचे आपल्याला सुचत नाही, कारण ते आपल्या आठवणीतले नाही.

जुनी गाणी जरूर म्हणावीत. ती आपली ठेव आहे. पण येत्या मे दिनाच्या कार्यक्रमात निम्मा वेळ त्याच वर्षी रचलेल्या गाण्यांना देण्याचा ठराव प्रत्येक शाखेने करावा. गाणी कच्ची असतील, काही पडतील. पडू द्यावीत. कसलेल्या जमिनीतच काही उगवते.